तान्हा पोळा कोणाच्या वाट्याचा

आमच्या मुलीचं वर्ष वाटून झालं तेव्हा मी आणि तिचा बाप एकाच बाकावर बसलो होतो. हौस म्हणून नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या त्या व्हरांड्यात दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती. त्याच्या बाजूला त्याचे वकील, माझ्या बाजूला माझे, आणि मधे आम्ही दोघं, लग्नात पाटावर बसवल्यासारखे. माझे वकील तडजोडीचा कागद वाचत होते. मुलगी आईजवळ राहील. दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार वडिलांकडे. दिवाळीची अर्धी सुट्टी इकडे, अर्धी तिकडे. गणपती बसतो तो दिवस आईकडे. नाताळची सुट्टी आलटून पालटून. वाढदिवसाची सकाळ एकाकडे, संध्याकाळ दुसऱ्याकडे. वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, काही राहिलं का? आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. तारखांनी जीव असा मेटाकुटीला आला होता की त्यांनी त्यात आणखी चार सण घातले असते, तरी आम्ही वाचल्याशिवाय सह्या केल्या असत्या.

राहिला होता पोळा. आता याला काय म्हणावं? तो नरखेड तालुक्यातला, पिढ्यान्‌पिढ्या संत्रा-मोसंबीवाला. मी पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची पोर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं, हे आम्हा दोघांनाही अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक. आणि आम्हाला आठवला कोणता सण, तर नाताळ! दोन्ही घरांत आजवर कुणी केला नाही तो. वकिलांनी पुण्याकडच्या कुठल्या तरी प्रकरणातला मसुदा आणून त्यात आमची नावं घातली होती, आणि पुण्याच्या कागदात तान्हा पोळा असणार कुठून? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

विदर्भाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोळ्याला खरे बैल सजतात, तो मोठ्यांचा सण. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. लाकडाचे नंदी असतात, कुणाचा तळहातावर मावेल एवढा, कुणाचा चाकांवरचा, दोघांनी मिळून ओढावा लागेल असा. त्यांना झूल, बेगड, गळ्यात घुंगरू. लेकरं मैदानात आपापले नंदी घेऊन रांगेत उभी राहतात, नारळ फुटला की रांग हलते, मग घरोघरी जायचं. बाया नंदीला कुंकू लावतात आणि लेकरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. आमच्या पोरीचा जीव या एका दिवसात अडकलेला असायचा. दिवाळीचे फटाके तिला नको होते, होळीच्या रंगाला ती भ्यायची, पण तान्ह्या पोळ्याची चौकशी ती उन्हाळ्यापासून करायची.

आमच्या मोडण्यात सांगण्यासारखं मोठं काही नाही. लोकांना फार ऐकायचं असतं, म्हणून सांगून टाकते. मारझोड नव्हती, दारू नव्हती, तिसरं कुणी नव्हतं. मी कोराडीच्या वीज केंद्रात ऑफिसात नोकरीला. तो बगीचा सोडून क्वार्टरमध्ये राहायला तयार नव्हता, मी नोकरी सोडून बगीच्यात राहायला तयार नव्हते. काही वर्षं तो इकडे येऊन वीज केंद्राच्या राखेची तक्रार करायचा आणि मी तिकडे जाऊन लोडशेडिंगची. मग बोलणं कमी झालं, भांडण जास्त झालं, आणि एक दिवस दोन्हीचाही कंटाळा आला. पोरीला तेव्हा पाचवं लागलं होतं.

कागद झाल्यावर वाटलं, चला, सुटलो. कसलं सुटणं! दर दुसऱ्या शनिवारी कोराडीच्या देवळाच्या कमानीपाशी पोरीला घेऊन उभं राहायचं. तो मोटारसायकलवर यायचा, नेहमी उशिरा, आणि उशिराचं कारण नेहमी विहिरीवरची मोटर. हातात मोसंबीची पिशवी. ती पिशवी मला नको असायची आणि नाही म्हणायची ताकदही नसायची. मग पोरीच्या दप्तराची उलटतपासणी. औषध दिलं आहे, रात्री मच्छरदाणी लावा, गृहपाठ करून घ्या. तो हूं हूं करायचा. रविवारी संध्याकाळी पोरगी परत यायची ती उन्हानं काळवंडलेली, दोन दिवस तिकडची बोली बोलणारी, आणि मराठीची वही तिकडेच विसरलेली. सोमवारी बाईंचा फोन. कॉलनीतल्या बायका दारात थांबवून विचारायच्या, काहून वं, पोरगी दिसली नाही दोन दिवस? त्यांना माहीत असायचं, तरी विचारायच्या. मी थकले होते. आईपणानं थकले नव्हते, या देण्याघेण्यानं थकले होते.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी त्याचा फोन आला. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, यांनी जुनं सागवान काढून गावच्या सुताराकडून नातीसाठी नंदी घडवून घेतला होता. चाकांचा, तिच्या कमरेएवढा. पोरीले पोळ्याले धाडून दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, कागदात नाही. आठवड्याच्या मधला दिवस आहे, त्या दिवशी ती माझ्याकडे असते.

"कागदात नाही म्हणून पोळा येणार नाही काय?" तो म्हणाला.

येणार होताच. पण मला ती इथं हवी होती. खरं सांगायचं तर कॉलनीच्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, माझी पोर नंदी घेऊन रांगेत उभी असलेली मला हवी होती. बघा, हिचं घर मोडलं तरी हिच्या लेकराचा सण होतो, हे त्या काहून-वं करणाऱ्या बायांना दिसायला हवं होतं. शिवाय माझ्या वकिलांनी बजावलं होतं, एकदा दिलं की तो पायंडा पडतो. त्याच्या वकिलांनी अर्ज लावला. अर्जाची तारीख मिळाली पोळ्यानंतरची. पोळा काय कोर्टासाठी थांबतो? मी रस्त्याकडेच्या बाजारातून एक छोटा नंदी आणला, पोरीला नऊवारी नेसवली, तिला सजावटीच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ म्हणून डबा मिळाला. ती खूश होती. संध्याकाळी आजोबांशी फोनवर बोलताना तिनं डबा मिळाल्याचं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, आबा म्हणते का माहा नंदी तिकडं उभाच राहिला. बस, एवढंच म्हणाली.

अर्जाच्या तारखा पडत राहिल्या आणि दुसरा पोळा जवळ आला. न्यायाधीश मॅडम सह्याद्रीकडून कुठून तरी बदलून आलेल्या. त्यांनी विचारलं, हा तान्हा पोळा म्हणजे नक्की काय? झालं. दोन्ही वकील नागपूरचे. ज्या दोघांचं वर्षभर एका तारखेवर एकमत झालं नव्हतं, ते एकमेकांचं वाक्य पुरं करत सांगायला लागले, नंदी कसा सजवायचे, कुणाच्या दारात बोजारा चांगला मिळायचा, ते सगळं. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, दिवस दोन आहेत ना, एकेक घ्या. त्याचे वकील लगेच ताठ झाले. पहिला दिवस बैलांचा, त्यात लेकरू करणार काय? मॅडमचं हसू गेलं. त्यांच्यापुढे अजून ढीगभर प्रकरणं होती. तुम्ही आपसात ठरवून आणा, म्हणाल्या.

मग व्हरांड्यात वकिलांनी मोठी अक्कल लढवली. गावचा तान्हा पोळा दुपारी भरतो. कॉलनीचा ऑफिस सुटल्यावर, दिवेलागणीला. म्हणजे लेकरू दुपारी गावात नंदी ओढेल, मग गाडीत बसून संध्याकाळी कॉलनीत ओढेल. दोघांचंही समाधान. कागदावर इतकं नीट बसलं की आम्ही दोघांनीही होकार दिला. या हिशेबात फक्त प्रमुख पाहुणे धरले नव्हते. आपल्याकडे गावचा कार्यक्रम घड्याळावर सुरू होत नाही, पाहुण्यांवर होतो, हे त्या चौघांपैकी एकालाही सुचू नये? चौघं, म्हणजे मीही त्यात आले.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून मैदानात गेले. रांग लागत होती. जागा जाऊ नये म्हणून मी स्वतःच तो छोटा नंदी घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे पहिलीतला पोरगा, मागे बालवाडीतली पोरगी, आणि मधे मी, पर्स आणि नंदी सांभाळत. बाया हसत होत्या. हसू द्या, म्हटलं. त्याला फोन केला तर म्हणे, पाहुणे यायचे राहिले. पुन्हा केला तर म्हणे, नारळ फुटू दे, एकदा रांग हलू दे, मग निघतो. मी ओरडले, मग तो निघाला. मागाहून कळलं की मामाजी नंदीची दोरी धरून उभे होते आणि त्यानं रांगेतून पोरीला उचलून गाडीत घातलं. ते काटोल ओलांडून आले तेव्हा तिकडे नारळ फुटला.

गाडी कॉलनीच्या फाटकात आली तेव्हा मांडववाला खुर्च्या एकात एक रचत होता. पोरगी मागच्या सीटवर झोपलेली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिचा शेतकरी केला होता, धोतर, फेटा, काजळाची मिशी. मिशी गालभर पसरली होती. मी तिला उठवलं. ती माझ्या हातातल्या नंदीकडे बघत राहिली, मग मैदानाकडे. "इथला संपला काय?" तिनं विचारलं. "तिथला तर सुरूच नाही झाला."

तेलही गेलं, तूपही गेलं. आणि आम्ही काय केलं, तर फाटकातच जुंपली. तुम्हाला वेळेचं भान कधी होतं? तुले गावाची लाज वाटते म्हणून हे सारं. पाहुण्यायले मी थांबवलं काय? वॉचमन खुर्ची फिरवून दुसरीकडे तोंड करून बसला, बिचारा. पोरगी तो छोटा नंदी काखेत घेऊन मधे उभी होती. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी तिला जवळ घेईन, मग सगळं ठीक होईल. तिनं फेटा काढून बापाच्या हातात दिला आणि मला विचारलं, घरी जेवायला काय आहे.

माझे वकील म्हणाले, हा सरळसरळ अटीचा भंग आहे, अर्ज करू. मी केला. त्यानंही केला, मी फोनवर शिव्या दिल्या म्हणून. शिव्या दिल्या होत्या, खोटं कशाला बोलू? मग पोरीला समुपदेशक मॅडमच्या खोलीत बोलावणं आलं. तिथं खेळणी होती, स्केचपेन होते. आम्ही बाहेर. मॅडमनी आत काय विचारलं ते माहीत नाही, बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, चॉकलेट दिलं. शेवटी ठरलं, तान्हा पोळा एक वर्ष वडिलांकडे, एक वर्ष आईकडे, पूर्ण दिवस, आणि पहिलं वर्ष वडिलांचं. कागदात नवीन कलम आलं. वकील म्हणाले, आता वादाला जागाच नाही. मलाही तसंच वाटलं. मी ठरवलंसुद्धा होतं की यंदा तोंड वाकडं न करता धाडायचं. धोतर धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं.

पोळा चार दिवसांवर आला आणि पोरगी पुस्तकाला कव्हर घालता घालता म्हणाली, "मम्मी, मले नाही करायचा पोळा."

मी विचारलं, काहून? तर म्हणे, मोठी झाली मी. नऊ वर्षांची पोर! कॉलनीत नववी-दहावीतली पोरं ट्रकएवढे नंदी ओढतात, त्यांना नाही मोठं झाल्यासारखं वाटत. मी म्हटलं, पपांकडे जायचं आहे तुला, यंदा त्यांचं वर्ष आहे. ती म्हणाली, शनिवारी जाईन ना, पोळ्याले नाही. मला वाटलं तिकडे कुणी काही बोललं असेल. त्याला फोन केला तर त्याला वाटलं मीच शिकवलं. झालं पुन्हा सुरू. फोन आपटून मी पोरीवर घसरले. इतक्या चकरा मारल्या कोर्टाच्या, दोन-दोन वकील केले, रजा घातल्या, ते कशासाठी? तिनं कव्हरची घडी नखानं दाबली आणि म्हणाली, मले काय माहीत. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी तिनं पुरणपोळी खाल्ली. संध्याकाळी तो छोटा नंदी कपाटावरून काढला, पुसला, आणि खालच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या पोरीला देऊन आली. मला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानातून लाऊडस्पीकर सुरू झाला. थोड्या वेळानं पोरं नंदी घेऊन दारोदार यायला लागली. बेल वाजली. मी कुंकवाचं ताट घेऊन उठले तर पोरगी माझ्या आधी दाराशी. तिनं माझ्या हातातून ताट घेतलं. वाकून नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, वर चार तांदूळ टाकले, आणि त्या पोराच्या हातावर बोजारा ठेवला. अगदी बायांसारखं. मग दुसरा, मग तिसरा. खालची ती चार वर्षांची पोरगी हिचाच नंदी घेऊन आली, तर हिनं त्याची झूल सरळ करून दिली आणि तिला सांगितलं, जिना हळू उतर. मी मागे उभी होते. गेल्या वर्षी ही दाराच्या बाहेर असायला हवी होती, आणि यंदा ती आत उभी राहून देत होती. तिला मोठं व्हायची कोण घाई होती?

मधेच दार लोटून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, पपांना फोन लावून दे. मी लावून दिला. ती खिडकीशी गेली. आमचं क्वार्टर ते केवढं, कुठेही उभं राहिलं तरी ऐकू येतं.

"पपा, मी इकडं पण नाही केला पोळा," ती म्हणाली. "खरंच. कॉलनीत पण नाही गेली मी. मम्मीले विचारा." आणि साक्षीदाराला बोलवावं तसा तिनं फोन माझ्यापुढे धरला.

मी फोन कानाला लावला. त्याच्या मागे डफडं वाजत होतं. दोघांनी तीन वर्षं हिसकाहिसकी केली, आणि या पोरीनं ती वस्तूच टाकून दिली होती. इकडं नाही, तिकडं नाही, म्हणजे कुणाला कमी नको नि जास्त नको. एवढी मेहनत ती एकटी करत होती आणि आम्हाला वाटत होतं तिचंच काही तरी बिनसलंय.

शेवटी मी म्हटलं, "आत्ता निघा. नंदी घेऊन या गाडीत टाकून. उशीर झाला तर होऊ द्या. इथं कॉलनीत ओढेल ती, तुम्ही थांबा, मीही थांबते."

"निघतो," तो म्हणाला. "पण विचार तिले. मंग निघतो."

पुन्हा बेल वाजली होती. ती दारात गुडघ्यांवर बसून एका बारक्या नंदीला कुंकू लावत होती. मी फोन हातात धरूनच तिला सांगितलं, पपा येऊन राहिले, आबांचा नंदी घेऊन, आपण तिघं जाऊ. तिनं बोट पुसलं. जरा विचार केला, गणित घातल्यावर करते तसा.

"नको," ती म्हणाली. "मग हे वर्ष कोणाचं धराल?"

फोन चालूच होता. त्यानंही ऐकलं.